पाटी बदलली, माणसांचे काय?

वाचकहो, तुमच्या गावच्या ग्रामीण बँकेच्या दारावरची पाटी आजवर किती वेळा बदलली, ते एकदा आठवून पाहा. नांदेड-परभणीकडच्या वाचकाला मराठवाडा ग्रामीण बँक आठवेल. ती १९७६ साली नांदेडला निघाली. जालन्याकडच्या माणसाला औरंगाबाद-जालना ग्रामीण बँक आठवेल. ही बँक २००८ मध्ये ठाणे ग्रामीण बँकेशी जोडली जाऊन 'महाराष्ट्र गोदावरी' झाली. पुढच्याच वर्षी, २००९ च्या जुलैत, गोदावरी आणि मराठवाडा मिळून 'महाराष्ट्र ग्रामीण बँक' झाली. तिकडे विदर्भात, सोलापुरात आणि तळकोकणातही हेच चालले होते. विदर्भ क्षेत्रीय आणि वैनगंगा कृष्णा या दोन बँका २०१३ मध्ये एक होऊन 'विदर्भ कोकण ग्रामीण बँक' झाली, मुख्य कार्यालय नागपूर. आणि १ मे २०२५ रोजी, ऐन महाराष्ट्र दिनाला, उरलेल्या या दोन्ही बँकांचे लग्न लागले. नाव महाराष्ट्र ग्रामीण बँक, मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगर, प्रवर्तक बँक ऑफ महाराष्ट्र.

'एक राज्य, एक ग्रामीण बँक' हे केंद्राचे धोरण. त्या एका दिवशी दहा राज्ये आणि एका केंद्रशासित प्रदेशात मिळून २६ ग्रामीण बँकांच्या ११ झाल्या आणि देशातली संख्या ४३ वरून २८ वर आली. एके काळी याच बँका १९६ होत्या. त्यातून आधी ८२, मग ५६, मग ४३ आणि आता २८.

पारावर हा विषय काढला तर बहुतेक जण म्हणतात, "आपल्याला काय त्याचं? पासबुक तेच, कर्ज तेच, व्याजही तेच. पाटीला रंग नवा लावला एवढंच." मला हे म्हणणे समजते. पण काउंटरच्या पलीकडे जो बसतो, तो माणूस कोण, कुठला, किती दिवसांसाठी आलेला आणि कोणत्या मनःस्थितीत बसलेला, याचा आपल्या पेरणीशी थेट संबंध आहे. म्हणून आज शेतीच्या पानावर बँकेच्या मनुष्यबळ विभागाची गोष्ट काढतो आहे. पूर्वी याला कार्मिक विभाग म्हणत, काही जण नुसते 'पर्सोनेल' म्हणत. आता मानव संसाधन म्हणतात. माणसाला संसाधन म्हणणे माझ्या कानाला बरे वाटत नाही, पण नाव काहीही असो, काम मोठे आहे.

दोन बँका एक होतात तेव्हा कागदावर काय होते? ठेवी, कर्जे, इमारती, तिजोऱ्या, कोर्टातले दावे, सारे एका दिवसात नव्या बँकेच्या नावावर चढते. प्रादेशिक ग्रामीण बँक कायदा १९७६ चा. त्याच्या कलम २३-अ मध्ये याची तरतूद आहे. त्याच कलमात असेही आहे की जुन्या बँकेचे सारे कर्मचारी नव्या बँकेत त्याच पगारावर आणि त्याच सेवाशर्तींवर चालू राहतील. म्हणजे नोकरी कुणाची जात नाही. चांगली गोष्ट आहे. पण तो माणूस कोणत्या गावात बसेल, कुणाच्या हाताखाली बसेल, त्याच्या आधी बढती कुणाला मिळेल, हे कायदा सांगत नाही. ते ठरवायचे मनुष्यबळ विभागाने. आणि खरे दुखणे तिथूनच सुरू होते.

आपल्या घरातले उदाहरण घ्या. वाटणी झालेले दोन भाऊ पुन्हा एकत्र आले, दोन चुलींची एक चूल झाली. जमिनीचा फेरफार तलाठ्याकडे होऊन जाईल. पण सकाळी विहिरीवर मोटार आधी कुणाची, मोठी सून कोणती, गडी कुणाचे ऐकणार? एका घरात जेवण आठला व्हायचे, दुसऱ्यात दहाला. सहा महिन्यांत भांडी वाजू लागतात. वेगवेगळ्या गोठ्यांतले दोन बैल एका जुवाखाली घातले तर पहिल्या दिवशी तास सरळ जात नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

बँकेत हेच भांडण ज्येष्ठतेच्या यादीवरून होते. समजा, एका बँकेत जागा जास्त रिकाम्या होत्या, म्हणून तिथला कारकून आठ वर्षांत अधिकारी झाला. दुसऱ्या बँकेत जागाच नव्हत्या, तिथल्या तेवढ्याच हुशार कारकुनाला पंधरा वर्षे लागली. आता दोघे एका यादीत आले. पुढे कोण? अधिकारी झाल्याची तारीख धरली तर दुसऱ्यावर अन्याय. नोकरीला लागल्याची तारीख धरली तर पहिला म्हणतो, माझी बढती काय फुकटची होती? दोघांचेही खरे आहे. म्हणूनच हा प्रश्न अवघड. न्यू बँक ऑफ इंडिया १९९३ मध्ये पंजाब नॅशनल बँकेत विलीन झाली, तेव्हा तिथल्या लोकांच्या ज्येष्ठतेचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल १९९६ मध्ये लागला.

याचे फार मोठे उदाहरण विमान कंपन्यांचे आहे. शेतीच्या पानावर विमान कुठून आले असे वाटेल, पण ऐका. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्या २००७ मध्ये एक केल्या. विमानांचा रंग एक झाला, तिकिटावरचे नाव एक झाले. पण वैमानिकांचे पगार, भत्ते, बढतीच्या यादी दोनच राहिल्या. एकाच कंपनीत, एकाच खुर्चीवर, दोन जुन्या कंपन्यांचे दोन हिशेब. २०११ च्या एप्रिल-मेमध्ये जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान पगारासाठी संप केला. मग सरकारने न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचे काम एकच, दोन कंपन्यांची माणसे एक कशी करायची ते सांगणे. अहवाल २०१२ च्या जानेवारीत आला. म्हणजे लग्न २००७ चे आणि सुनांनी एका घरात कसे नांदायचे याचा विचार पाच वर्षांनी! तोवर व्हायचे ते झाले होते. २०१२ च्या मेमध्ये जुन्या एअर इंडियाचे वैमानिक संपावर गेले. कारण नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण दोन्हीकडच्या वैमानिकांना मिळणार होते. तो संप ५८ दिवस चालला.

विमान उडाले नाही तर देशभर बातमी होते. पण किनवट किंवा कुरखेड्याच्या शाखेत अधिकारी मन मारून बसला, फाइल टेबलावरून हलली नाही, तर त्याची बातमी होत नाही. तिथे फक्त एका शेतकऱ्याची पेरणी लांबते.

आपल्या मराठवाड्याला असा एक बदल चांगलाच ठाऊक आहे. हैदराबाद बँक म्हटले की जुनी माणसे अजून हळवी होतात. निजामाच्या राज्यात १९४१ च्या कायद्याने निघालेली ही बँक, पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. मराठवाड्यात तालुक्या-तालुक्याला तिची शाखा होती. १ एप्रिल २०१७ रोजी ती इतर चार सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँकेसह स्टेट बँकेत विलीन झाली. सुमारे ७० हजार कर्मचारी एका दिवसात मोठ्या घरात आले. त्या वेळी कर्मचाऱ्यांत चर्चा कशाची होती? स्टेट बँकेच्या माणसाला भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि पेन्शन असे तिन्ही मिळते, आपल्याला दोनच, याची. बदली आता देशात कुठेही होईल का, याची. ज्यांना जमणार नव्हते त्यांच्यासाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना होती, आणि बऱ्याच अनुभवी लोकांनी ती घेतली. अनुभवी माणूस निवृत्त होतो तेव्हा त्याच्याबरोबर एक वही जाते, जी कुठल्याच संगणकात नसते. कोणता खातेदार वेळेवर फेडतो, कुणाची जमीन कागदावर पाच एकर आणि प्रत्यक्षात नाल्यात गेलेली, कोणत्या गावात विमा भरायला लोकांना दोनदा सांगावे लागते. ही वही डोक्यात असते.

ग्रामीण बँक निघाली तीच या वहीसाठी. १९७५ साली या बँकांचा अध्यादेश निघाला आणि २ ऑक्टोबरला पहिल्या बँका सुरू झाल्या. तेव्हाची कल्पना अशी होती की व्यापारी बँकेचा शहरी साहेब खेड्यात रमत नाही, सहकारी संस्थेत राजकारण फार, तेव्हा मधला मार्ग काढावा. दोन-चार जिल्ह्यांपुरती बँक, त्याच भागातली पोरे नोकरीला, पगार राज्य सरकारच्या नोकरांइतका, आणि गिऱ्हाईक म्हणजे लहान शेतकरी, शेतमजूर, कारागीर. मालकी केंद्राची ५० टक्के, राज्याची १५ आणि प्रवर्तक बँकेची ३५. पुढे काळ बदलला. कर्मचाऱ्यांनी समान कामाला समान पगार मागितला, १९९० मध्ये राष्ट्रीय औद्योगिक न्यायाधिकरणाने तो मान्य केला. पेन्शनसाठी तर २०१८ पर्यंत, सर्वोच्च न्यायालयापर्यंत, भांडावे लागले. भरती २०१२ पासून आयबीपीएसच्या परीक्षेने होते. हे सारे कर्मचाऱ्यांच्या हक्काचेच होते. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण दोन-चार जिल्ह्यांची बँक आता सावंतवाडीपासून सिरोंचापर्यंत पसरली आहे, आणि आपल्या भागातला माणूस ही मूळची कल्पना जर टिकवायची असेल तर ती आता आपोआप टिकणार नाही. ती मनुष्यबळ विभागाला हाताने टिकवावी लागेल.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. ग्रामीण बँकेचा अध्यक्ष प्रवर्तक बँक पाठवते. संगणकाची प्रणाली, कामाचे नमुने, हिशेबाची पद्धत, साहेबांना पत्र कसे लिहायचे याची रीत, सारे प्रवर्तक बँकेच्या वळणाचे. आता विदर्भ क्षेत्रीय ग्रामीण बँकेत लागलेला एखादा कर्मचारी डोळ्यांसमोर आणा. त्याची प्रवर्तक सेंट्रल बँक. २०१३ ला तो विदर्भ कोकणमध्ये आला, प्रवर्तक बँक ऑफ इंडिया. २०२५ ला महाराष्ट्र ग्रामीणमध्ये आला, प्रवर्तक बँक ऑफ महाराष्ट्र. जागेवरून न हलता एका नोकरीत तीन सासरे झाली. प्रत्येक सासरचा स्वयंपाक वेगळा. खातेदारांना ती जुनी नावे कुठे कुठे चिकटून राहिलेली दिसत असतीलच. विदर्भ कोकण बँकेचा आयएफएस कोड तुम्ही कधी फॉर्मवर लिहिला असेल तर आठवून पाहा, २०१३ मध्ये नाव जाऊनही त्यात 'वैनगंगा'ची अक्षरे तशीच होती.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. बँकेचे नाव घेत नाही, आणि गोष्ट एका जुन्या विलीनीकरणानंतरची आहे. माझ्या चुलत भावाचे पीक कर्ज दरसाल नवे-जुने व्हायचे. सातबारा सामाईक, तिघांची नावे, त्यातला एक भाऊ पुण्याला कंपनीत. त्या भावाचे संमतीपत्र जुन्या साहेबांनी एकदा घेऊन फाइलला लावले होते, त्यावर काम चालायचे. बँक बदलली, साहेब बदलले. नवे साहेब लांबच्या भागातले, माणूस सरळ, कामाला वाघ, पण आमच्याकडे येऊन पंधरा दिवस झालेले. कॅशियरही नवा. नव्या बँकेच्या नमुन्यात संमतीपत्र दिसत नव्हते, म्हणून त्यांनी सांगितले, पुण्याच्या भावाला घेऊन या. भाऊ येणार कसा? त्याला सुट्टी नाही. मृग निघून गेला. आमच्या दादांनी तीन खेपा केल्या आणि चौथ्या दिवशी बियाण्यासाठी गावातल्या एकाकडून शेकडा पाच रुपये महिना व्याजाने पैसे उचलले.

कागद शेवटी सापडला. बँकेतल्या शिपायानेच सांगितले, "साहेब, जुन्या बँकेच्या संमत्या त्या लोखंडी कपाटात, खालच्या खणात, लाल दोऱ्याच्या गठ्ठ्यात असतात." दहा मिनिटांचे काम होते. त्याला आधी कुणी विचारलेच नव्हते. कोण विचारणार? तो रोजंदारीवर होता. विलीनीकरणात कर्मचाऱ्यांच्या ज्या यादी झाल्या, त्या कायम माणसांच्या. अठरा वर्षे झाडू मारणारा, पैसे मोजताना दारात उभा राहणारा आणि प्रत्येक गठ्ठा ओळखणारा हा माणूस कोणत्याच यादीत नव्हता. साहेबांची चूक होती असे मी म्हणत नाही. त्यांना त्या खुर्चीवर बसवताना ज्यांनी दोन आठवडे जुन्या माणसाला सोबत ठेवले नाही, चूक त्यांची.

म्हणून माझे पहिले म्हणणे बदल्यांबद्दल आहे. बँक राज्यभराची झाली म्हणजे माणूस राज्यभर फिरवलाच पाहिजे असे नाही. अधिकाऱ्याची बदली व्हावी, वर्षानुवर्षे एकाच शाखेत बसलेल्या माणसाभोवती काय साचते ते आपण पाहिले आहे. पण बदली कधी? विलीनीकरणाची तारीख १ मे होती. खरिपाचे पीक कर्ज वाटायचे दिवस नेमके मे आणि जून. एप्रिल ते जुलै शेती कर्ज पाहणाऱ्या माणसाला त्याच्या शाखेतून हलवू नये, एवढा एक नियम मनुष्यबळ विभागाने केला तर पैसा खर्च होत नाही. आणि हलवायचेच असेल तर जुना आणि नवा पंधरा दिवस एका टेबलावर बसवा. दोघांचा पगार तसाही चालूच असतो.

दुसरे म्हणजे शिकवणूक. संगणकाचे प्रशिक्षण सारे देतात, कारण त्याशिवाय शाखा उघडत नाही. पण सिंधुदुर्गात काजू-आंब्याच्या कर्जावर दहा वर्षे घालवलेला अधिकारी यवतमाळच्या कपाशीच्या पट्ट्यात आला तर त्याला कोण शिकवणार? प्रत्येक जिल्ह्यात एकरी किती कर्ज द्यायचे ते तिथली तांत्रिक समिती ठरवते, ते आकडे परिपत्रकात मिळतात. मिळत नाही ते जमिनीचे. कोकणात एका सातबाऱ्यावर वीस-वीस हिस्सेदार, कुळाचा हक्क वेगळा. आमच्या मराठवाड्यात इनाम, मदतमाश, खिदमतमाश जमिनींचे प्रकरण, ते निजामाच्या काळापासूनचे. विदर्भाच्या पूर्व भागात झुडपी जंगलाची नोंद आली की वेगळाच घोळ. कोणती जमीन तारण चालते, कुठे कलेक्टरची परवानगी लागते, हे परक्या अधिकाऱ्याला चार महिन्यांत समजत नाही. तो घाबरतो आणि 'नको' म्हणतो. नाही म्हटल्याने त्याच्यावर कुणी कारवाई करत नाही, चुकीचे कर्ज दिले तर होते. मग तो बिचारा का धोका पत्करेल? त्याच भागातला निवृत्त बँकवाला किंवा निवृत्त तलाठी बोलावून दोन दिवस समजावून घेतले तर निम्म्या फाइली हलतील.

भाषेचे पण आहेच. भरतीला स्थानिक भाषा यावी लागते, म्हणजे मराठी. ठीक. पण गडचिरोलीत माडिया-गोंडी, किनवटला तेलुगू, गोंडी आणि बंजारा, नंदुरबारला पावरी. पुस्तकी मराठी बोलणाऱ्या साहेबासमोर तिथली बाई तोंड उघडत नाही. ज्याला त्या भागाची बोली येते असा निदान एक माणूस शाखेत राहील, हे यादी करताना पाहिले पाहिजे. तिथे नुसती ज्येष्ठता मोजून भागत नाही.

ज्येष्ठतेच्या यादीबद्दल मात्र माझे मत कडक आहे. सूत्र कोणतेही धरा, शंभर टक्के न्याय कुणालाच देता येणार नाही. पण ते सूत्र आधी सांगा, यादी सर्वांसमोर ठेवा, हरकती ऐका, लेखी उत्तर द्या, आणि मग बढत्या करा. आधी बढत्या आणि मग यादी असे झाले की 'तिकडचे' आणि 'आमचे' असे दोन गट पडतात आणि ते वीस वर्षे टिकतात. विभागीय कार्यालयात एकाच जुन्या बँकेचे लोक भरले तरी तेच होते. नागपूर हे कालपर्यंत मुख्य कार्यालय होते, आज नाही. तिथे वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला आपण हरलेल्या बाजूचे आहोत असे वाटू लागले, तर त्याची कामावरची श्रद्धा उडते. हे कोणत्याही अहवालात आकड्याने दिसत नाही.

या साऱ्यावर दुसरी बाजू आहे आणि ती मला नाकारता येत नाही. लहान ग्रामीण बँकांची हालत काही फार चांगली नव्हती. भांडवल तोकडे, थकबाकी मोठी, मोबाइलवरच्या सोयी उशिरा आल्या. मोठी बँक झाली तर खर्च वाटला जातो, मोठे कर्ज देता येते, नवी यंत्रणा आणता येते. आणि आपल्या भागातला माणूस या गोष्टीचे मी वर गोडवे गायले खरे, पण याच आपल्या माणसाने पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर कर्ज दिल्याचे आणि गरिबाला उंबऱ्यावर बसवून ठेवल्याचेही आपण पाहिले आहे. परका अधिकारी कुणाच्या नात्यातला नसतो, हा त्याचा मोठा गुण. एका बचत गटाच्या बाईने मला सांगितले होते, "नवा साहेब आला तेव्हा पहिल्यांदा मला खुर्ची मिळाली." तेव्हा बाहेरचा वाईट, गावचा चांगला असे सरसकट म्हणता येत नाही. मी विलीनीकरणाच्या विरुद्ध नाही. मी फक्त म्हणतो की तिजोऱ्या एक करायला जेवढे डोके लावले, तेवढे माणसे एक करायला लावा.

आणि ज्यांची यादीच नाही त्यांचे? रोजंदारीवरचे शिपाई, झाडूवाल्या बाया, गावोगाव यंत्र घेऊन फिरणारे बँक मित्र. बँक मित्र तर बहुतेक ठिकाणी मधल्या एजन्सीमार्फत नेमलेला, त्याचे कमिशन व्यवहारावर. निराधार योजनेच्या म्हातारीचे बोट यंत्रावर ठेवून पैसे हातात देतो तो हाच. दोन बँकांचे दोन एजन्सींशी करार, एक झाल्यावर एक करार संपला आणि बँक मित्राचे यंत्र बंद पडले, तर म्हातारीला आठ मैल चालत शाखेत यावे लागते. मनुष्यबळ विभाग म्हणेल, हे आमचे कर्मचारी नाहीत. कागदावर बरोबर आहे. म्हातारीला मात्र बँक म्हणजे तोच.

वाचकहो, आपण काय करू शकतो? जिल्ह्यात दर तिमाहीला जिल्हाधिकाऱ्यांकडे बँकांची बैठक होते, तालुक्यालाही होते. तिथे उद्दिष्टाचे आकडे वाचले जातात. अमुक कोटींचे पीक कर्ज, अमुक टक्के पूर्ण. तिथे जाणाऱ्या आपल्या प्रतिनिधीला, सरपंचाला, शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्याला हे चार प्रश्न खिशात घालून पाठवा: आमच्या शाखेत मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती? शेती कर्ज पाहणारा माणूस जूनपर्यंत हलणार नाही ना? जुन्या बँकेच्या फाइली, संमतीपत्रे, बेबाकीचे दाखले नव्या यंत्रणेत चढवले का? गावातला बँक मित्र चालू आहे का? उत्तर तोंडी देतील. ते इतिवृत्तात लिहून घ्या म्हणावे.

आणि तुमचे खाते अशा बदललेल्या शाखेत असेल तर आणखी एक करा. पेरणीच्या आधी, एप्रिलमध्येच एक दिवस मोडून शाखेत जा. आपली फाइल डोळ्यांनी पाहा. संमतीपत्र, बोजाची नोंद, आठ अ, सारे तिच्यात आहे का ते बघा, आणि एकेक झेरॉक्स घरच्या पिशवीत ठेवा. आमच्या दादांनी त्या वर्षीपासून हेच सुरू केले. गेल्या वेळी गेले तेव्हा तो शिपाई दिसला नाही. नव्या पोराला विचारले तर तो म्हणाला, "जुनं कपाट का? ते भंगारात गेलं. आत गठ्ठे होते, ते कुठं ठेवलेत ते साहेबांना विचारावं लागेल, आणि साहेब परवाच बदलून आलेत."